आसुस झेनबुक ड्युओ: दोन स्क्रीन, एक कीबोर्ड आणि नागपूरचा उन्हाळा

निकाल आधीच सांगून टाकू. ज्याचं कामाचं टेबल दिवसातून दोन-तीनदा बदलतं, म्हणजे सकाळी घर, दुपारी सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाचं खंडपीठ, संध्याकाळी धंतोलीतलं ऑफिस, त्याच्यासाठी झेनबुक ड्युओ हा आजवरच्या दोन-स्क्रीनी लॅपटॉपांतला सर्वांत कामाचा आहे. ज्याचं टेबल एकच आहे, त्याने यात पैसे घालू नयेत. एक बरा लॅपटॉप आणि बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, आणलेला २४ इंची मॉनिटर, एवढ्यात तेच काम निम्म्याहून कमी पैशात होतं, आणि मानेलाही बरं पडतं.

मॉडेल यूएक्स८४०६. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, भारतात त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं, आणि तेव्हा किंमत १,५९,९९० रुपयांपासून सुरू होत होती. १४ इंचाच्या दोन सारख्या ओएलईडी (मागून दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) टच स्क्रीन, बिजागरीने जोडलेल्या. मधे सुटा ब्लूटूथ कीबोर्ड, टचपॅड त्यावरच. पाठीला घडीचा स्टँड. कीबोर्डशिवाय वजन १.३५ किलो, कीबोर्डासह १.६५. बॅटरी ७५ वॉट-तास, चार्जर ६५ वॉटचा टाइप-सी. थंडरबोल्ट ४ ची, म्हणजे वेगवान टाइप-सीची, दोन पोर्टं, एक जुन्या धाटणीचं यूएसबी-ए, पूर्ण आकाराचं एचडीएमआय आणि हेडफोनचं भोक. एचडीएमआय दिलंय हे बरं केलं. कॉलेजच्या आणि सरकारी कार्यालयांच्या प्रोजेक्टरला अजून तीच वायर लागते.

कागदावर हे सगळं नवं वाटतं, पण १४ इंचाच्या दोन स्क्रीन एकमेकींना बिजागरीने जोडायची कल्पना मुळीच नवी नाही. एसरने आयकोनिया ६१२० याच मापाच्या दोन टच स्क्रीन घेऊन बाजारात आणला तो २०११ मध्ये. तो का चालला नाही आणि हा का चालतो, हे कळलं की कोणताही दोन-स्क्रीनी लॅपटॉप पारखता येतो. किल्ली एकच आहे: कीबोर्ड कुठे जातो ते बघा.

कीबोर्डाची फिरती

२००८ च्या अखेरीस लेनोवोने थिंकपॅड डब्ल्यू७००डीएस जाहीर केला. १७ इंचाच्या मुख्य स्क्रीनमागून १०.६ इंचाची दुसरी स्क्रीन ड्रॉवरसारखी बाजूला सरकून बाहेर यायची. कीबोर्ड आपल्या जागी होता, म्हणून टाइप करायला त्रास नव्हता. पण वजन पाच किलोच्या घरात. लॅपटॉप म्हणायचं, उचलायचं नाही. फोटो आणि डिझाइनवाल्यांनी घेतला, बाकीच्यांनी बघितला.

पुढची चाल उलटी झाली. तोशिबाने २०१० मध्ये लिब्रेटो डब्ल्यू१०० काढला: सात-सात इंचाच्या दोन स्क्रीन, कीबोर्ड अजिबात नाही, खालच्या काचेवर चित्रातला कीबोर्ड. आयकोनियाचंही तेच. खालच्या स्क्रीनवर पाचही बोटं टेकवली की मेन्यूचं एक चक्र उगवायचं, हाताचे पंजे टेकवले की कीबोर्ड. दाखवायला झकास. पण काचेवर बोटाला कळ लागत नाही, त्यामुळे नजर सतत खाली जाते. आणि कीबोर्डाने खालची स्क्रीन व्यापली की उरते एकच. म्हणजे दोन स्क्रीनचे पैसे, दोन स्क्रीनचं ओझं, आणि टाइप करताना हातात एक स्क्रीन. आयकोनियाचं वजन पावणेतीन किलोच्या वर होतं, रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८, आणि दोन्ही पॅनेलांना मागून दिवा लागत असल्याने बॅटरी लवकर बसायची. वर विंडोज ७, जे बोटांसाठी बनलेलंच नव्हतं.

आसुसने २०१९ मध्ये झेनबुक प्रो ड्युओ आणला तेव्हा खरा कीबोर्ड परत आला, पण जागा काढण्यासाठी तो पुढच्या कडेला ढकलला. वर १५.६ इंचाची फोर-के स्क्रीन, तिच्या खाली ३८४० बाय ११०० ची लांबट पट्टी, मग कीबोर्ड. टचपॅड उजव्या हाताला, उभा. मनगट टेकवायला जागा नाही म्हणून वेगळी उशी. अडीच किलो. व्हिडिओ एडिटिंगची टाइमलाइन किंवा मिक्सरच्या पट्ट्या त्या अरुंद स्क्रीनवर छान बसतात, आणि ज्यांचं ते काम आहे ते आजही तो सोडत नाहीत. पत्र, अर्ज, एक्सेल यासाठी मात्र ती पट्टी बुटकी पडते. डावखुऱ्यांचा तर विचारच केलेला नव्हता.

मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरफेस निओ दाखवला. नऊ इंचाच्या दोन स्क्रीन, पाठीला चुंबकाने चिकटलेला छोटा कीबोर्ड, आणि त्यासाठी खास विंडोज १०एक्स. यंत्र बाजारात आलंच नाही. ते विंडोज काढणार नाही असं कंपनीने मे २०२१ मध्ये सांगून टाकलं. कल्पना मात्र टिकली. २०२३ मध्ये लेनोवोने योगा बुक ९आय आणला: १३.३ इंचाच्या दोन २.८के ओएलईडी, वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड, घडी घालून उभा राहणारा कव्हर-स्टँड. बांधणी सुरेख आहे. अडचण प्रवासाची: कीबोर्ड दोन स्क्रीनच्या मधे बसत नाही, तो कव्हरमध्ये गुंडाळून वेगळा न्यायचा. म्हणजे बॅगेत दोन वस्तू, टेबलावर तीन.

ड्युओत कीबोर्ड ५.३ मिलिमीटर जाडीचा आहे आणि दोन स्क्रीनच्या पोटात झोपतो. मिटलेली जाडी त्याच्यासकट १९.९ मिलिमीटर, त्याच्याशिवाय १४.६. बाहेरून बघणाऱ्याला साधा लॅपटॉपच दिसतो. उघडला, कीबोर्ड खालच्या स्क्रीनवर ठेवलेलाच असतो, आणि तसाच वापरला तर तो साधा लॅपटॉपच आहे. उचलला की खालची स्क्रीन लागते. परत ठेवला की चुंबक त्याला जागेवर ओढून घेतात, सोनेरी टाचण्या टेकतात, खालची स्क्रीन विझते आणि कीबोर्ड चार्ज व्हायला लागतो. नवं काही शिकावं लागत नाही, आणि पंधरा वर्षांत नेमकं हेच कुणाला साधलं नव्हतं.

टेबलावर मांडताना

मांडायच्या तीन तऱ्हा कामाच्या आहेत.

पहिली, साधा लॅपटॉप. मांडीवर, रेल्वेत, कोर्टाच्या बाररूममध्ये बाकाच्या कोपऱ्यावर. कीबोर्डाच्या कळा १.४ मिलिमीटर दबतात. एवढ्या पातळ कीबोर्डाच्या मानाने टाइपिंग चांगलं आहे, पण मधोमध जोरात ठोकणाऱ्याला थोडा लवचीकपणा जाणवेल.

दुसरी, एकावर एक. पाठीचा स्टँड उघडून यंत्र उभं करायचं, कीबोर्ड पुढे टेबलावर. वरची स्क्रीन डोळ्यांच्या उंचीच्या जवळ जाते, जे साध्या लॅपटॉपमध्ये पुस्तकांची थप्पी लावल्याशिवाय होत नाही. याला जागा लागते: कीबोर्ड २१ सेंटिमीटर खोल, त्यामागे तिरका तळ आणि स्टँड. ४० ते ४५ सेंटिमीटर खोलीचं सपाट टेबल नसेल तर ही तऱ्हा विसरा. वंदे भारतच्या सीटमागच्या ट्रेवर हे मावत नाही. तिथे पहिली तऱ्हाच. गादीवर स्टँड टिकत नाही. आणि वरच्या स्क्रीनवर बोट आपटलं की ती किंचित डुलते, म्हणून टचचं काम खालच्या स्क्रीनवर ठेवावं.

तिसरी तऱ्हा वकील, सीए, प्रूफ तपासणारे आणि अनुवादक यांच्यासाठी आहे, आणि दुकानात ती सहसा कुणी दाखवत नाही: यंत्र पुस्तकासारखं उभं, दोन स्क्रीन शेजारी-शेजारी. १४ इंचाचं १६:१० पॅनेल साधारण ३०.१ बाय १८.८ सेंटिमीटर असतं. आडवं असताना ए-४ पानाचा जेमतेम दोन-तृतीयांश भाग खऱ्या मापात दिसतो, बाकीचं खाली-वर सरकवत बसा. उभं केलं की रुंदी १८.८ आणि उंची ३०.१. ए-४ पान २१ बाय २९.७. म्हणजे पीडीएफ ९० टक्क्यांच्या जरा खाली ठेवली की अख्खं पान, समासासकट, एका नजरेत. आणि शेजारी दुसरं पान तेवढंच. डावीकडे खालच्या कोर्टाचा निकाल, उजवीकडे आपला मसुदा. ई-फायलिंगसाठी पीडीएफला पान क्रमांक आणि बुकमार्क लावताना मूळ यादी आणि जोडलेली फाइल अशी समोरासमोर ठेवता आली की चूक तिथल्या तिथे सापडते. या एका कामासाठी पैसे वसूल म्हणता येतील. उभं करण्याआधी एक बघा: जी कड खाली जाते तिच्यावरची पोर्टं अडतात. चार्जर लागतो ती कड वर राहील असं उभं करा, आणि खालच्या कडेचा पेनड्राइव्ह आधीच काढून घ्या.

दोन स्क्रीनच्या मधे बिजागरीची फट राहते. एकच मोठी विंडो दोन्हींवर ताणली तर एक्सेलच्या ओळी फटीत तुटल्यासारख्या दिसतात. जाहिरातीत तसं ताणून दाखवतात. प्रत्यक्षात एका स्क्रीनवर एक काम हेच बरं.

आणखी एक गोष्ट दुकानाच्या उजेडात ध्यानात येत नाही. दोन्ही काचा चकचकीत आहेत. वरची आपल्याकडे बघते, ती ठीक. खालची छताकडे बघते, आणि तिच्यात फिरता पंखा आणि ट्यूबलाइट स्पष्ट दिसतात. टेबल पंख्याच्या बरोबर खाली असेल तर पहिल्याच दिवशी डोकं उठेल. टेबल दोन हात सरकवलं तर सुटका होते. उन्हात, गॅलरीत, गाडीत बसून काम करायचं असेल तर हे यंत्र त्यासाठी नाही. साधारण ४०० निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) प्रकाश खोलीपुरता पुरतो.

पहिल्या संध्याकाळी करायच्या सेटिंग

हे न करता वापरणारे आठवड्याभरात "विंडो इकडेतिकडे उडतात" म्हणून वैतागतात. दोष यंत्राचा कमी, सेटिंगचा जास्त.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे जा. तिथे मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोची जागा लक्षात ठेवणारा पर्याय चालू ठेवा. त्याखालचा, मॉनिटर सुटला की विंडो मिनिमाइझ करणारा पर्यायही चालू ठेवा. कीबोर्ड खालच्या स्क्रीनवर ठेवला म्हणजे विंडोजच्या लेखी एक मॉनिटर सुटला. हा पर्याय बंद असेल तर खालच्या स्क्रीनवरच्या सगळ्या विंडो वर येऊन एकमेकींच्या उरावर बसतात. चालू असेल तर गुपचूप खाली जातात आणि कीबोर्ड उचलला की आपल्या जागी परतात.

एका स्क्रीनवरून दुसरीवर विंडो न्यायला माउस ओढत बसू नका. एकावर एक मांडणीत विंडोजची कळ, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एवढं पुरतं. टास्कबार फक्त एका स्क्रीनवर ठेवा आणि आपोआप लपणारा करा. ओएलईडीत एकच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी राहिलं तर त्याचा डाग उमटतो, आणि टास्कबार हे त्याचं पहिलं कारण. मायआसुस अ‍ॅपमध्ये ओएलईडी केअरचे पर्याय आहेत: पिक्सेल हलवणं, ठरावीक वेळाने पॅनेल ताजं करणं. सगळे चालू. काळा वॉलपेपर, पाच मिनिटांनी स्क्रीन बंद. मंद प्रकाशात ज्यांचे डोळे दुखतात त्यांनी तिथलंच फ्लिकर-फ्री डिमिंग वापरून बघावं. त्यात स्क्रीनचा प्रकाश वर ठेवून चित्र अंधारं केलं जातं.

पॅनेल दोन प्रकारची: १९२० बाय १२००, ६० हर्ट्‌झ, आणि २८८० बाय १८००, १२० हर्ट्‌झ. दुसरं दिसायला सरस, पण जुनी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. त्यावर २०० टक्के स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं दुप्पट मोठी करणं, लागतं, आणि वर्षानुवर्षं बदल न झालेली बिलिंगची किंवा टायपिंगची प्रोग्रॅम्स त्यात एकतर धुरकट दिसतात, नाहीतर मुंगीएवढी. उपाय आहे: प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि तिथे स्केलिंग सिस्टिमकडे सोपवा. बहुतेक वेळा काम होतं. ऑफिसात बाहेरचा १०० टक्क्यांचा मॉनिटरही जोडत असाल तर तिकडून इकडे आणलेली विंडो आकार बदलत राहील. त्यावर इलाज नाही. फक्त कागदपत्रांचं काम असेल तर १९२० चं पॅनेल घ्या. पैसे आणि बॅटरी दोन्ही वाचतात.

मराठी टाइप करणाऱ्यांना खालच्या स्क्रीनचा एक खास उपयोग आहे. कीबोर्डावर देवनागरी छापलेली नसते, आणि इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कळरचना) शिकणाऱ्याचा सगळा वेळ कळ शोधण्यात जातो. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडतो. विंडोज आणि स्पेसने मराठी निवडलं की त्यावर देवनागरी अक्षरं येतात, शिफ्ट दाबली की दुसरा संच. तो खालच्या स्क्रीनच्या कडेला ठेवून टाइप खऱ्या कीबोर्डावर करायचं. मान न फिरवता तक्ता समोर. हात बसला की बंद करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर रेमिंग्टनने, म्हणजे टाइपरायटरच्या कळरचनेने, काम करणाऱ्यांना मात्र हा तक्ता उपयोगाचा नाही, कारण तिथे विंडोजच्या लेखी भाषा इंग्रजीच असते.

कीबोर्डाच्या दोन सवयी माहीत असाव्यात. सुटा असताना तो ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली जाते तेव्हा, तो मेल्यासारखा वागतो. बिघडलेला नसतो; खालच्या स्क्रीनवर ठेवला की टाचण्यांतून चालायला लागतो. आणि त्याला कडेला स्वतंत्र बटण व टाइप-सीचं भोक आहे. दिवसभर सुटा वापरला तर रात्री मधे ठेवून मिटा, वेगळा चार्ज करायची गरज पडत नाही. तो हरवला तर कोणताही ब्लूटूथ कीबोर्ड चालतो, पण तो मधे बसत नाही आणि खालची स्क्रीन आपोआप विझत नाही. म्हणून सुट्या कीबोर्डाची किंमत घेण्याआधीच विचारून ठेवा.

ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी: देखरेखीची सॉफ्टवेअर दुसरा मॉनिटर दिसला की सहसा परीक्षा सुरूच करत नाहीत. कीबोर्ड खालच्या स्क्रीनवर ठेवून मगच लॉगिन करा आणि पेपर संपेपर्यंत उचलू नका.

मे महिना, कुलर आणि बॅटरी

लॅपटॉप कंपन्या वापराचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत धरतात. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि कुलर नसलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५ सहज ओलांडले जातात. ड्युओचा बोर्ड, पंखे आणि बॅटरी खालच्या अर्ध्यात, म्हणजे खालच्या स्क्रीनच्या पोटाखाली आहेत. त्यामुळे उष्णता त्या काचेला लागते, आणि ओएलईडीचं वय उष्णतेत लवकर सरतं. एकावर एक मांडणीत स्टँडमुळे पाठ मोकळी राहते, हवा खेळते; कीबोर्ड वर ठेवून गादीवर वापरलं तर दोन्हीकडून कोंडमारा. उन्हाळ्यात मायआसुसमध्ये पंख्याचा मोड स्टँडर्ड ठेवा, परफॉर्मन्स नको. प्रकाश ७० टक्क्यांच्या खाली.

कुलरसमोर बसून काम करणं ही आपली रीतच, पण यंत्र सरळ झोतात ठेवू नका. कुलरची हवा ओली असते, तिच्यासोबत वाळ्याचा नाहीतर गवताचा बारीक भुसा येतो, आणि पंखे तो आत ओढून घेतात. झोत पाठीवर घ्या, यंत्रावर नाही. भुशाचा दुसरा त्रास जास्त महागाचा: मिटताना कीबोर्ड आणि काच यांच्यामधे एक खडा किंवा स्टेपलची पिन राहिली तर ओरखडा ठरलेला, आणि इथे काचा दोन आहेत. कोर्टात, ऑफिसात स्टेपलरच्या शेजारीच काम चालतं. मिटण्याआधी कोरडं मायक्रोफायबर एकदा फिरवा. ओल्या रुमालाने पुसणं आणि काचा पुसायचं निळं पाणी दोन्ही टाळा.

दुपारी पार्क केलेल्या गाडीत यंत्र ठेवून जाऊ नका. तापलेल्या गाडीत लिथियम बॅटरी फुगते, आणि यात तिच्या डोक्यावर स्क्रीन आहे. फुगली तर आधी काच उचलली जाते.

बॅटरीचा ढोबळ हिशेब असा. ७५ वॉट-तास. कागदपत्रांच्या कामाला दोन्ही स्क्रीनवर १० ते १२ वॉट धरले तर सव्वासहा ते साडेसात तास. एकाच स्क्रीनवर सात-आठ वॉट, म्हणजे नऊ-दहा तास. ओएलईडीत पांढरं पान जास्त वीज खातं, काळं कमी. वर्ड आणि ब्राउझर डार्क मोडमध्ये टाकले की फरक पडतो. व्हिडिओ कॉल चालू असेल तर हा हिशेब कोसळतो. घरी-ऑफिसात कायम चार्जरवर असेल तर मायआसुसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा. मग हाताशी ६० वॉट-तास राहतात, दोन्ही स्क्रीनवर पाच-सहा तास. वीज गेली तर टाइप-सी पॉवर बँक चालते, पण ती ६५ वॉट पीडी (टाइप-सीवरून जास्त वीज देण्याची पद्धत), २० व्होल्ट देणारी हवी. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची असते, त्यातले साठच्या आसपास यंत्रात उतरतात. विमानाच्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेतही ती बसते. फोनसाठी घेतलेली २० वॉटची बँक लावून "चार्ज होत नाही" म्हणू नये.

बर्डीत घेताना

सीताबर्डीच्या मोदी गल्ल्यांमधून फिरलात तर हे यंत्र काउंटरवर उघडं मांडलेलं असेलच असं नाही. आधी फोन करून विचारा आणि "दाखवायला उघडा पीस आहे का" हेच विचारा. सीलबंद डब्यावर पैसे मोजून घरी जाऊन उघडण्यासारखी ही वस्तू नाही, कारण पॅनेल दोन, त्यामुळे दोष निघायची शक्यताही दुप्पट.

दुकानात पंधरा मिनिटं हक्काने मागा. फोनमध्ये तीन चित्रं घेऊन जा: पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, गडद करडं. ती दोन्ही स्क्रीनवर पूर्ण पसरून बघा. पांढऱ्यावर दोन्हींची छटा सारखी आहे का, म्हणजे एक पिवळट आणि एक निळसर तर नाही ना. काळ्यावर पेटलेला ठिपका. करड्यावर उभे पट्टे किंवा ढग. ओएलईडीचा दोष करड्यावरच उघडा पडतो. मग कीबोर्ड दहा वेळा उचला आणि ठेवा. प्रत्येक वेळी खालची स्क्रीन एक-दोन सेकंदांत लागली-विझली पाहिजे. कीबोर्ड हातभर लांब नेऊन एक परिच्छेद टाइप करा. अक्षरं गाळली जातात का, दोनदा उमटतात का बघा. स्टँड उघडून यंत्र उभं करा आणि वरची कड बोटाने हलवा. डुलणं चालेल, घसरणं नको. शेवटी कीबोर्ड मधे ठेवून मिटा आणि चारही कडा नखाने तपासा.

रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही. १६ जीबीचा घेऊन पस्तावणारे पुष्कळ; ३२ चाच घ्या. एसएसडी एम-डॉट-टूची आहे, ती पुढे बदलता येते, म्हणून पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा. २०२५ च्या आवृत्तीत सांगाडा तोच ठेवून कोअर अल्ट्रा ९ २८५एच प्रोसेसर आला. कागदपत्रं आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर २०२४ चा चांगल्या भावात मिळत असल्यास त्यात काही कमी नाही. पेन आणि कव्हर डब्यात आहेत की वेगळे घ्यायचे, हे प्रत्येक व्हेरियंटला वेगळं असू शकतं; बिलावर लिहून घ्या.

अपघाती नुकसानीचं संरक्षण यंत्रासोबतच घ्या, आणि विक्रेत्याला एकच नेमका प्रश्न विचारा: खालची स्क्रीन फुटली तर ती त्यात येते का, आणि पार्ट नागपुरात बदलून मिळतो की यंत्र बाहेर पाठवावं लागतं. उत्तर तोंडी नको, कागदावर. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक टाकून घ्या. १,५९,९९० च्या किमतीत १८ टक्क्यांप्रमाणे कर सुमारे २४,४०० रुपयांचा असतो, आणि साध्या बिलावर तो परत मिळवता येत नाही.

ज्यांना दुसरी स्क्रीन महिन्यातून चार-पाच दिवसच लागते, त्यांच्यासाठी दहा-पंधरा हजारांचा १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटर आहे. वजन पाऊण किलोच्या आसपास, एका टाइप-सी वायरवर चालतो. अट एकच: आपल्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडलं पाहिजे, नुसतं चार्जिंग नव्हे. पोर्टच्या बाजूला डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण बघा. नसेल तर मिनी-एचडीएमआय आणि वेगळी पॉवर अशा दोन वायरी लागतील. खात्री नसेल तर लॅपटॉप सोबत घेऊन जा आणि दुकानातच जोडून बघा.